मेंढ्याचा जीव जडला

घरजावयाने घरात मत मांडू नये, असं माझं स्वतःचंही मत आहे. पण सासऱ्यांच्या मेंढ्या वर्षाला एकेकच कोकरू देत, आणि तेही इतकं किरकोळ की मांजर समजून कुणी बशीत दूध ठेवावं. म्हणून बोललो. पैदास केंद्रातून दुसऱ्या जातीचा मेंढा आणू. संकराची कोकरं झपाट्याने वाढतात आणि त्यांतल्या माद्या पुढे जुळी देतात.

"उंटावरचे शहाणे आमचे जावईबापू!" सासरे म्हणाले. "आणा. पण रविवारपर्यंत मेंढ्यांवर रंग दिसला नाही, तर मेंढा केंद्रात परत आणि तुम्ही माझ्या भावाच्या दुकानात खिळे विकायला."

खिळ्यांचं काही नाही, पण तो भाऊ! शिवाय मला मेंढ्या मनापासून आवडतात.

रंगाचं असं की मेंढ्याच्या छातीला तेलात कालवलेला निळा रंग फासतात. ज्या मेंढीच्या मागे तो उमटला, तिचं काम झालं.

मेंढा आला. देखणा, भरदार आणि कामाच्या नावाने शून्य. केंद्रातल्या लोकांनी त्याला बाटलीने वाढवलं होतं, त्यामुळे आपण माणूसच आहोत अशी त्याची ठाम समजूत. मेंढ्यांना तो ओळखही दाखवेना. त्याचा जीव जडला तो थेट सासऱ्यांवर. ते जातील तिथे हा मागे. ते वाकले की हा छाती घासायला हजर. शुक्रवारी सगळ्या मेंढ्या कोऱ्या आणि सासऱ्यांची पँट मागून निळीशार.

"आता यांच्याकडून जुळ्यांची अपेक्षा ठेवायची का?" सासूबाईंनी विचारलं.

बायको हसून हसून खाली बसली. मी मुकाट्याने बॅग भरायला घेतली. सासऱ्यांनी दारावरून जाताना बॅगेकडे पाहिलं.

रविवारी सकाळी बायको धावत आली. "अहो, चला लवकर! सगळ्या मेंढ्या निळ्या झाल्यात!"

उड्या मारत गेलो. खरंच, एकही कोरी नव्हती. जवळून पाहिलं तर प्रत्येकीच्या ढुंगणावर पाच बोटं उमटलेली. मेंढ्याला बोटं नसतात, एवढं घरजावयालाही कळतं.

मागे सासरे उभे. दोन्ही हात खिशात.

"बाबा, हात दाखवा," मी म्हटलं.

"कशाला? थंडी वाजतेय."

"दाखवा."

मनगटापर्यंत निळे.

"अहो बाबा, अशाने कोकरं होतात का?"

"मला कळत नाही होय?" ते खेकसले. "हयात गेली यात! पण तुम्ही बॅग भरलीत. तुम्ही गेल्यावर मी भांडायचं कुणाशी? तुमच्या सासूशी? ती जिंकते."

"पण मेंढ्यांचं काय?" मी विचारलं.

"मी समोर असेपर्यंत तो त्यांच्याकडे ढुंकून बघायचा नाही. मी बहिणीकडे जाऊन राहतो. याचं डोकं ठिकाणावर आलं की बोलवा."

मेंढ्या सोडून ते एक दिवस कुठे राहिले नव्हते, आणि बहिणीशी तर त्यांचा विस्तवही जात नव्हता. तरी माझीच भरलेली बॅग उचलून निघाले.

फाटक लागलं तसा मेंढ्याने टाहो फोडला. मीही रडलो, पण चाऱ्याच्या खोलीत. मग डोळे पुसून त्याच्या छातीला लाल रंग फासला, म्हणजे सासऱ्यांच्या निळ्या बोटांवर त्याचा खरा रंग वेगळा कळेल. संध्याकाळी तो ओरडून थकला आणि पहिल्यांदाच मेंढ्यांकडे वळला. मी मात्र फाटकाकडेच बघत राहिलो.