चुकीच्या कडेला झिजलेली सीट

बसा, मित्रांनो, बसा. उभ्या माणसाचं मला काही कळत नाही. माणूस एकदा टेकला, की मग त्याचं मन मला त्याच्याआधी कळतं. कोण काठावर बसतो, कोण अंग टाकून देतो, कोण बसल्या बसल्या उठायच्या तयारीला लागतो, सगळ्यांची नोंद माझ्याजवळ आहे. मी एक जुनी सीट आहे. दोन दारांच्या, जमिनीला पोट लावून पळणाऱ्या एका लाल स्पोर्ट्स कारची, चालकाची सीट. निदान कागदोपत्री तरी. प्रत्यक्षात माझी उमेदीची वर्षं एका घराच्या खिडकीपाशी गेली. आता दमले आहे. सांगता सांगता मध्येच थांबले, तर सांभाळून घ्या.

शिलाईयंत्रांच्या लांबलचक हॉलमध्ये माझा जन्म झाला. काळं चामडं, लाल दोरा. माझ्या कडा शिवणाऱ्या बाईला सगळे गोगलगाय म्हणत, कारण तिचा हात सगळ्यांत हळू चाले. मुकादम रोज टोमणा मारी, "अहो गोगलगाय, गाडी विकली जाईल, पण तुमची शिवण संपायची नाही." ती मान वर न करता म्हणे, "विकली जाऊ द्या. उसवणार तर नाही ना?" खरंच, आजवर माझा एक टाका उसवलेला नाही. झिजले, ती गोष्ट वेगळी.

गाडी एका दंतवैद्याने घेतली. पहिले चार महिने डॉक्टर माझ्यावर असे बसत, जणू फोटोच काढून घ्यायचा आहे. मग त्यांना शर्यतीच्या ट्रॅकचा नाद लागला. दर दुसऱ्या रविवारी गाडी ट्रॅकवर जाऊ लागली आणि तिथे माझं वजन सगळ्यांच्या डोळ्यांवर आलं. मी बावीस किलोंची. शर्यतीची सीट बादलीसारखी खोल, दगडासारखी कडक, आणि वजनाने माझ्या तिसऱ्या हिश्श्याएवढी. मिस्त्रीने चार बोल्ट काढले आणि मला बाहेर ठेवलं. "घरी नेऊन ठेवा, डॉक्टर," तो म्हणाला. "कधी गाडी विकायची झाली तर लागेल."

घरी मला पाहून डॉक्टरांची आई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "हे काय आणलंस? खुर्ची म्हणावी तर मेलीला पाय नाहीत!" पण तिचे गुडघे दुखत. तिने एकदा बसून पाहिलं आणि दुसऱ्याच दिवशी सुताराला बोलावून माझ्याखाली लाकडी बैठक करून घेतली. मला खिडकीपाशी ठेवलं. गाडीत दाराकडे असते ती माझी कड भिंतीला चिकटली. म्हणून आई रोज दुसऱ्या, आतल्या कडेवर तळहात रोवायची, "चला" म्हणायची आणि उठायची. दिवसातून वीसेक वेळा तरी.

ती माझ्यावर बसून मटार सोलायची, स्वेटर विणायची, केसातली पिन काढून पुन्हा खोचायची. शेजारीण आली की सांगायची, "एवढ्या सामानात ही एकच वस्तू अशी आहे, जिच्यात माझी कंबर बोलत नाही." मित्रांनो, माझ्या वाट्याला आलेली स्तुती म्हणायची तर ती एवढीच. डॉक्टर नऊ वर्षांत एकदाही माझ्यावर टेकले नाहीत.

ट्रॅकच्या रविवारी मात्र आई वेगळी बसायची. अगदी पुढच्या काठावर. पाठ मला लागायचीच नाही. संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी गाडीचा तो घोगरा आवाज आला, की मग कुठे ती मागे टेकायची. असं टेकणं मी दोनशेहून अधिक वेळा मोजलं आहे. दर वेळी ते आधीपेक्षा थोडं जड असायचं.

सहाव्या वर्षी एका रविवारी आवाज आलाच नाही. डॉक्टर दुसऱ्याच्या गाडीतून आले, हात गळ्यात बांधलेला.

"काय झालं रे?"

"काही नाही गं. एका पेशंटची दाढ निघेना. जोर लावला, खांदा निखळला."

"रविवारी?"

"इमर्जन्सी होती."

गाडी दोन महिने दिसली नाही. सर्व्हिसिंगला गेली आहे आणि पार्ट मिळत नाही, असं आईला सांगण्यात आलं. एकदा ती आंघोळीला गेलेली असताना डॉक्टर माझ्याजवळ उभे राहून मिस्त्रीशी फोनवर बोलत होते. फोनचा आवाज मोठा होता. गाडी वळणावर घसरून भिंतीवर आदळली होती. पुढच्या डाव्या चाकाशी सांगाडा वाकला होता, तो सरळ करून वेल्ड मारलं होतं. "चालेल हो," मिस्त्री म्हणाला. "पण ते वेल्ड दर सहा महिन्यांनी बघायचं. आणि घाट उतरताना आयत्या वेळी कचकन ब्रेक मारायचा नाही. विसराल तर जीवाशी खेळ आहे."

हे वाक्य तेव्हापासून मी पोटात घेऊन बसले. बावीस किलोंत त्याची भर पडली.

पुढे दाढा काढता काढता आणि कडक सीटवर आपटता आपटता डॉक्टरांची कंबर कायमची गेली. गाडी विकायची ठरली. मिस्त्रीने ती बादलीसारखी सीट काढली, माझी लाकडी बैठक काढली आणि ते चार बोल्ट पुन्हा आवळले. डॉक्टरांनी मला पॉलिश केलं. नऊ वर्षांनी त्यांचा हात लागला, आणि तोही मला चकचकीत साक्षीदार करण्यासाठी.

गाडी पाहायला एक नर्स आली. डोंगरावरच्या इस्पितळात नोकरी, अकरा वर्षांची मुलगी खाली शहरात आजीपाशी. दर शनिवारी घाट उतरून तिला मुलीकडे जायचं असे. बरोबर तिची आत्या होती, गळ्यात शिंप्याची टेप. मेकॅनिक नाही हे पाहून डॉक्टरांचा चेहरा उजळला.

"ट्रॅकवर वगैरे चालवली आहे का?" नर्सने विचारलं.

"छे हो! रविवारी आईला फिरवायला काढायचो. मीटर बघा ना, किती कमी चाललीये."

मीटर खोटं बोलत नव्हतं. ट्रॅकवर किलोमीटर थोडेच होतात, झीज मात्र सगळी होते. आणि आई? आई या गाडीत एकदाही बसली नव्हती.

नर्सचे डोळे लाल रंगावर खिळले होते. हिला ही गाडी हवी आहे, हे ती माझ्यावर टेकली तेव्हाच मला कळलं. मला ओरडायचं होतं. पण सीटला तोंड कुठे असतं?

नर्स उतरली आणि आत्या बसली. तीस वर्षं पेट्रोलपंपासमोरच्या दुकानात सीटकव्हर शिवणारी बाई. तिने इंजिनाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. माझ्या दोन्ही कडांवरून बोटं फिरवली, एकदा, दोनदा.

"डॉक्टर, तुम्ही या गाडीतून उतरायचात कुठून?"

"दारातून. का हो?"

"मग दाराकडची कड नवी कोरी कशी? चालकाच्या सीटची पहिली तीच जाते. माझा धंदा तिच्यावरच चालतो. आणि ही आतली कड बघा, पार गेलीये. रोज कुणीतरी तळहात रोवून उठलंय. गिअरवर चढून उतरायचात की काय?"

डॉक्टर हसले. नुसते दात दिसले, डोळे हसले नाहीत.

आत्याने माझ्या पाठीच्या आणि बैठकीच्या फटीत हात घातला. आधी केसाची पिन आली. मग लोकरीचा निळा तुकडा. मग मटाराचा एक वाळका दाणा. तो तिने तळहातावर ठेवून डॉक्टरांपुढे धरला. "आईला फिरवता फिरवता भाजी निवडायचात का?"

तेवढ्यात जिन्यातून हाक आली. "अरे, माझी खुर्ची कुठे नेलीस? सकाळपासून स्टुलावर बसलेय मी!" आई कठडा धरून एकेक पायरी उतरत आली आणि गाडीत आत्या बसलेली पाहून थांबली. "अगं बाई, ती माझी आहे. नऊ वर्षं झाली!"

मग नर्स पुढे झाली. तिचा आवाज चढला नव्हता. "डॉक्टर, मी ही गाडी घेऊन दर शनिवारी घाट उतरणार आहे. खाली माझी मुलगी वाट बघते. या गाडीला काय काय झालंय, तेवढं मला सांगा."

डॉक्टरांनी आईकडे पाहिलं, मग जमिनीकडे. आणि सांगितलं. नऊ वर्षं ट्रॅक, ती भिंत, डावं चाक, वेल्ड, ब्रेकबद्दल मिस्त्री काय म्हणाला ते. त्यांचा खांदा सांगता सांगता आपोआप खाली आला.

"आई, तुला त्रास नको म्हणून..."

"गप रे," आई म्हणाली. "दाताच्या डॉक्टरचा खांदा दाढ काढताना निखळतो होय? मला त्याच दिवशी कळलं होतं. तू आपणहून कधी सांगतोस, याची वाट बघत होते. तीन वर्षं!"

नर्स त्या दिवशी परत गेली. आठवड्याने आपला मिस्त्री घेऊन आली. त्याने गाडी वर उचलून ते वेल्ड बोट लावून तपासलं आणि तिला खाली वाकवून दाखवलं. वेल्ड कुठे आहे, कसं बघायचं, किती महिन्यांनी बघायचं, हे तिने तापाच्या तक्त्यासारखं लिहून घेतलं. आणि मग गाडी घेतली.

आत्या आईला म्हणाली, "खुर्ची तुम्ही ठेवा. हिला मी दुसरी सीट शिवून देते."

"नको गं," आई म्हणाली. "गाडीच चालली, तर खिडकीत बसून वाट कुणाची बघू? ने तिला." जाण्याआधी ती एकदा माझ्यावर बसली. पाठ सगळीच्या सगळी टेकून. तशी ती रविवारी कधी बसली नव्हती.

आत्याने माझ्या झिजलेल्या कडेवर चामड्याचा तुकडा लावला. गोगलगायीच्या टाक्यांना मात्र हात लावला नाही. नुसतं म्हणाली, "हिचा हात चांगला होता."

आता मी घाट उतरते. नर्स ब्रेक लवकर आणि हलका लावते. मागचे भोंगे वाजवतात, ती ऐकून घेत नाही. पुढच्या डाव्या चाकाकडे तिचं अर्धं मन असतं, आणि त्या अर्ध्या मनाच्या भरवशावर आम्ही सगळे सुखरूप खाली पोचतो. मित्रांनो, आमच्यासारख्या जुन्या वस्तू विकाल तेव्हा खुशाल पॉलिश करा. पण आम्हाला कुठे लागलं होतं, तेही नव्या माणसाच्या कानावर घाला. आम्हाला बोलता येत नाही. आणि दर वेळी एखादी आत्या बरोबर येईलच असं नाही.

शहर आलं की ती गाडी एका फाटकाशी थांबवते. फाटकाला धरून एक मुलगी उभी असते, टाचा उचललेल्या. उभ्या माणसाचं मला काही कळत नाही, असं मी सुरुवातीला म्हणाले खरी. पण हिच्या टाचा खाली टेकतात ना, ते टेकणं मी ओळखते. मग मीही जरा विसावते.