भिंतीपर्यंतचं शेवाळ

नवसूनं कोयत्याची पाठ कौलावर घासली, तसा हिरवा थर चामड्यासारखा सुटून अंगणात पडला. यंदाची ही तिसरी वेळ. चुना मारून झाला, मोरचूद मारून झालं, सावली नको म्हणून चैत्रात फणसाची फांदीही तोडली. पंधरा दिवस गेले की पुन्हा हिरवं.

आणि पलीकडं भावाची कौलं? लालभडक, कोरडी. बापानं बांधलेलं एकच घर, मधे भिंत. शेवाळ बरोबर त्या भिंतीवर येऊन थांबलेलं.

"दादा, खरं सांग. काय लावतोस कौलांना?"

खाली लक्ष्या विळ्याला धार लावत होता. "काय नाय लावत."

"मंग माझ्याच घरावर का उगवतं?"

"त्याला तुझाच पत्ता दिलाय कुणी तरी." लक्ष्या हसला आणि भात कापायला निघून गेला.

नवसू त्याच्या पाठीकडं बघत राहिला. याच्या घरात दोन सुना, अंगणात नातवंडं, आता कौलंही याचीच चांगली. नवसूची बायको फागी दोन वर्षांमागं पोराकडं वसईला गेली, नातवाला सांभाळायला. महिन्याभरात येते म्हणाली होती. आता दिवाळीला येणार होती. हे हिरवं छप्पर बघून ती उंबऱ्यातूनच मागं फिरेल, असं त्याला वाटत होतं.

दादानं जव्हारवरून कसली तरी पावडर आणलीय आणि लपवून ठेवलीय, हे नक्की. नवसू पोटावर सरकत भिंत ओलांडून गेला. भावाचं एक कौल उचललं.

धूर सरळ डोळ्यांत. डोळे पुसून त्यानं खाली बघितलं. रुपीवहिनी नागलीची भाकर थापत होती. चुलीवर तवा, शेजारच्या वैलावर, त्या जोडचुलीवर, काहीच नव्हतं. हातातलं कौल आतून काळंकुट्ट आणि चांगलं ऊबदार. पावडर कुठंच नाही.

"कोण हाय वर? मांजर?"

नवसूनं श्वास रोखला. कौल घाईघाईनं ठेवलं आणि आपल्या बाजूला येऊन आपलं एक उचललं. आतून ओलं, बुरशीनं पांढरं. खाली गॅसची शेगडी चकचकीत, तिच्याजवळ एकच कप.

तो उतरला. कोपऱ्यातल्या जुन्या चुलीवरची पोती काढली, फणसाच्या फांदीचे तुकडे घातले, पेटवली. आधी घर धुरानं भरलं. मग धूर कौलांच्या फटी शोधत वर गेला. चुलीवर ठेवायला काही नव्हतं. तो नुसता बसून राहिला.

भिंतीपलीकडून आवाज आला.

"भाऊजी, आज चूल? काय शिजवताय?"

नवसूनं वर बघितलं.

"कौलं."

 थोड्या वेळानं दारात बांगड्या वाजल्या. रुपीवहिनी फडक्यात धरून डाळीचं पातेलं घेऊन उभी.

"ही डाळ ठेवा तुमच्या चुलीवर. आमच्याकडं जागाच नाय. बारीक आचेवर शिजू द्या, घाई करू नका."

नवसूनं हात पुढं केले. पातेलं घेतलं, लाकूड जरा बाहेर ओढलं.

वहिनी उंबऱ्यापर्यंत गेली आणि वळली.

"आणि त्या मांजराला सांगा, कौल नीट बसव म्हणून. माझ्या तव्यावर ऊन पडतंय."