दारात आडवी आजी

"आपा, तुम्ही एवढंच सांगा, की नशिबात असतं तेच होतं. बाकी आम्ही बघतो." कालीपा बातमाकानला अंगणातून जवळजवळ ओढतच नेत होती. "सकाळपासून चार बायका लागल्यात मागं, पण लग्नाचा रुमाल डोक्यावर टिकू देईना कार्टी. नमाज पढणारी आहे म्हणे. तुमचं ऐकेल."

बातमाकान गावातल्या बायकांना कुराण शिकवायची. दर गुरुवारी तिच्या घरी अकरा जणी जमत. नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती, लेक रशियात कामाला होता. त्या अकरा जणी आणि भिंतीपलीकडची कालीपा, एवढाच तिचा गोतावळा. कालीपाचा तंदूर पेटला की पहिला नान भिंतीवरून बातमाकानकडे येई. अशा माणसाला नाही म्हणणं तिला आजवर जमलं नव्हतं.

दारात कालीपाची सासू आडवी पडली होती. पळवून आणलेली मुलगी घराबाहेर निघू पाहते तेव्हा घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या बाईनं असं उंबऱ्यावर पडायचं असतं. म्हातारीला ओलांडून जाणाऱ्या मुलीचं आयुष्यात भलं होत नाही, हे त्या डोंगरात जन्मलेल्या प्रत्येकीला ठाऊक असतं. बातमाकानला वाट द्यायला म्हातारी कण्हत उठून बसली आणि मग पुन्हा लवंडली.

आत कोपऱ्यात पडद्यामागं मुलगी बसली होती. ओश शहरात नर्सिंग शिकणारी. कालीपाच्या लेकानं, तालायबेकनं, मित्रांच्या मदतीनं तिला बसथांब्यावरून गाडीत कोंबून आणलं होतं. तिच्या कोटाची एक बाही खांद्यापासून उसवली होती.

"नाव काय तुझं, लेकी?"

"बुरुल. आपा, मी त्याला दोनदा नाही म्हटलंय. मला घरी जायचंय."

"आम्हीपण रडलो होतो गं सगळ्या," चहा ओतणारी एक काकू म्हणाली. "पहिली रात्र गेली की रडू जातं. विचार की आपांना! त्यांनाही पळवूनच आणलं होतं. एकेचाळीस वर्षं झकास संसार केला."

सगळ्या हसल्या. बातमाकानही सवयीनं हसणार होती. तो किस्सा तिनं स्वतःच कितीदा रंगवून सांगितला होता. तो घोडा, तो बर्फ, वाटेत पडलेला एक बूट. पहिल्या रात्रीचं मात्र तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. सतरा वर्षांची ती नको नको म्हणून ओरडत होती, आणि पलीकडच्या खोलीत सासरच्या बायका जाग्या होत्या. कुणी आलं नाही. सकाळी त्यांनीच तिला गरम दूध आणून दिलं.

"निकाह कसा लावणार?" तिनं विचारलं. "मुलगी हो म्हणाल्याशिवाय होत नाही."

"गप्प बसली म्हणजे हो. मुल्ला बसलेत बाहेर, ते काही कटकट करत नाहीत."

"ती गप्प नाहीये, कालीपा. नाही म्हणतेय."

कालीपाचा चेहरा उतरला, मग लाल झाला. "तुम्ही स्वतःच्या हातानं चार जणींना रुमाल बांधलाय या गावात. तेव्हा नाही आठवला तुमचा धर्म?"

बातमाकानला इतकी लाज वाटली, की वर बघवेना.

"नाही आठवला," ती म्हणाली. "त्याचा जाब मला द्यायचाय. पाचवीचा मी देणार नाही."

तिनं बुरुलचा हात धरला आणि दारापाशी आली.

"पाय टाकलास तर तळतळाट लागेल माझा," म्हातारी पडल्यापडल्या म्हणाली. चार बायकांना सकाळपासून न जुमानणारी ती पोर तिथं मात्र थिजली.

"मग तो मला लागू दे."

बातमाकाननं झगा दोन्ही हातांनी वर धरला. गुडघा कुरकुरला, पण तिनं म्हातारीवरून पाय टाकला. मागं कुणीतरी "तौबा, तौबा" म्हणालं. पलीकडे जाऊन तिनं बुरुलकडे हात केला.

म्हातारीनं डोळे मिटले. मग हळूच आपले पाय पोटाशी घेतले. त्या एवढ्याशा जागेतून बुरुल बाहेर आली.

बातमाकाननं घरी नेऊन फोन करायला लावला, आणि दुपारी बुरुलचे काका तिथून तिला घेऊन गेले. गुरुवारी शिकायला कुणी आलं नाही. पुढच्याही गुरुवारी नाही. गावात एक मयत झाली, तेव्हा दुआ पढायला शेजारच्या गावातून दुसरी बाई आणली. बातमाकान त्या दिवशी घरात बसून खूप रडली. आपण बरोबर केलं हे माहीत असूनही घर खायला उठत होतं.

चौथ्या गुरुवारी तिनं गाद्या अंथरल्याच नाहीत. हदीसच्या, म्हणजे पैगंबरांच्या वचनांच्या पुस्तकातलं, वीस वर्षं बायकांसमोर वाचायचं टाळलेलं एक पान तिनं काढलं. एका मुलीचं लग्न बापानं तिला न विचारता लावलं. ती पैगंबरांकडे गेली, आणि त्यांनी निर्णय तिच्या हाती दिला. हे वाचलं तर घराघरांत भांडणं लागतील, असं ती स्वतःला सांगत आली होती. पुस्तक घेऊन ती अंगणात, भिंतीजवळ गेली. पलीकडे कालीपा गाईचं दूध काढत होती.

बातमाकान मोठ्यानं वाचू लागली. बादलीतल्या धारांचा आवाज थांबला. ती शेवटपर्यंत वाचत गेली. मग भिंतीपलीकडे धार पुन्हा सुरू झाली.

तिनं चष्मा पुसला आणि तेच पान पहिल्या ओळीपासून परत वाचायला घेतलं.