वेदीच्या दगडातला मासा

बाबांनी मला पहिली थोबाडीत मारली ती मासा दाखवला म्हणून. प्रार्थनामंदिराच्या नव्या वेदीसाठी आम्ही बापलेक कारखान्यात चुनखडीचा दगड चिरत होतो. वरचा थर सुटला आणि आत मासा. काटे, शेपूट, सगळं जागच्या जागी. मी म्हणालो, "बाबा, हा कोट्यवधी वर्षांपूर्वीचा." दुसरी बसली ती त्यासाठी. ओठ फुटला. मी पस्तिशीचा आहे, पण आमच्या घरात थोबाडीत द्यायला कुणी वय विचारत नाही.

तासाभरात ताई आली. मीच फोन केला होता, मूर्खासारखा. ताई कॉलेजात खडकांचं शास्त्र शिकवते आणि रविवारी उपासनेला पहिल्या बाकावर असते. बाबांना ती बाकावर आवडायची, कॉलेजात खुपायची.

"दगड असाच बसवा," ती म्हणाली. "वेदीला याहून चांगला मिळणार नाही."

बाबा म्हणाले, "देवाने सहा दिवसांत केलं सगळं. हे सैतानाने आत कोंबलंय, तुझ्यासारख्या दीडशहाण्यांना चकवायला."

"सैतानाला एक काटा तरी घडवता येईल का, बाबा? हे देवाचंच काम आहे. त्याने घाई केली नाही, एवढंच."

बाबांनी तिला खांद्याला धरून ढकललं. ती पॉलिशच्या यंत्रावर आदळली. मी मध्ये पडलो, तर त्यांचं कोपर माझ्या बरगडीत बसलं आणि माझा श्वासच अडकला. तेवढ्यात त्यांनी घण उचलला.

आमच्या कारखान्यात एक नियम आहे. वर गेलेला घण मध्येच अडवायचा नाही. अडवला की मनगट जातं आणि अर्धवट घावाने दगड भलतीकडेच फुटतो. चाळीस वर्षं बाबांनी हा नियम पाळला, आम्हा दोघांच्या अंगात भिनवला. ताईलाही तो पाठ होता. तरी तिने माशावर उजवा हात ठेवला. तिला वाटलं, बाप थांबेल.

घण खाली आला. हाडं मोडल्याचा आवाज मी ऐकला.

मी बाबांच्या तोंडावर ठोसा हाणला. मग दुसरा, मग तिसरा. दात तुटून खाली पडला. ते हात वर न करता मार खात राहिले. "हात दिसला होता मला," एवढंच म्हणाले. त्या क्षणी मी त्यांचा जीव घेतला असता, खोटं कशाला बोलू. ताई ओरडली, "त्यांना नंतर मार, आधी मला दवाखान्यात ने."

दोन बोटं कापावी लागली.

दोन आठवड्यांनी पाळक दगड बघायला आले. ताईही आली होती, हाताला बँडेज बांधून. माशाच्या शेपटीला तडा गेला होता आणि रक्त चुनखडीत मुरलं होतं. कितीही धुतलं तरी निघेना. पाळक हळूच म्हणाले, "वरचा थर घासून टाका. मासाही जाईल, डागही."

"मासा त्याने केलाय, डाग मी," बाबा म्हणाले. पुढचा दात नसल्याने शब्द फुसफुसत होते. "काही घासायचं नाही." मग ताईकडे न बघता त्यांनी विचारलं, "किती वर्षं म्हणतात तुमच्यात?"

"पाच कोटी. साधारण."

"एवढा काळ त्याने याचा एक काटा हलू दिला नाही. आणि मला एक घण थांबवता आला नाही."

मला अजूनही त्यांचा राग येतो. ताईने डाव्या हाताने मोजपट्टी उचलली आणि तिचं दुसरं टोक बाबांपुढे धरलं. मासा वेदीच्या मधोमध यायला हवा होता.