तीन अक्षरांचा सोपा शब्द

आमच्या इंग्रजी-मराठी शब्दकोशाच्या कचेरीत नियम साधा होता: वाट्याचे शब्द संपवा, मगच रजा. थोरल्या बाईंची लेक बाळंत व्हायची होती आणि महिनाअखेर त्यांना तिच्याकडे पोचायचं होतं. म्हणून वाटणीच्या दिवशी त्यांनी थोरलेपणाचा हक्क बजावून इंग्रजी तीन अक्षरांचा ‘रन’ (run) तेवढा उचलला आणि वीतभर लांबीचे चाळीस शब्द नव्या मुलीच्या गळ्यात मारले.

लांबलचक शब्दांना अर्थ एकेकच. नवी मुलगी आठवड्यात कामातून मोकळी झाली. बाईंच्या टेबलावर मात्र एकट्या ‘रन’पायी माणसं धावली, दुकानं चालली, कपड्यांचे रंग गेले, मोजे उसवले, निवडणुका लढवून झाल्या. एकशे बाराव्या अर्थाला लेकीचा फोन आला.

“आई, निघालीस का?”

“निघतेच गं. नाक वाहायचं तेवढं राहिलंय.”

“आई, मला दवाखान्यात नेतायत!”

बाईंनी ‘रन’च्या चिठ्ठ्यांचा खोका उचलून नव्या मुलीपुढे आदळला. “पुढच्या खेपेला तुझे सगळे लांब शब्द माझे. हा तेवढा संपव, बाळ.”

“किती अर्थ राहिलेत, बाई?”

“ते मोजत बसले तर आजी व्हायची राहीन,” म्हणत बाई जिना उतरल्यासुद्धा.