मागच्या भिंतीवरची मधमाशी

स्टुडिओच्या मागच्या भिंतीला लागून तेवीस वर्षं एक कोच होता. त्यावर बसून गायकांनी गायकांची निंदा केली होती, संगीतकार घोरले होते, आणि निर्माते "अजून थोडं गोड करता येईल का?" एवढं विचारून पुन्हा आडवे झाले होते. शनिवारी तो कोच टेम्पोत घालून घरी पाठवला, कारण त्या भिंतीवर आता दोन स्पीकर येणार होते. आजवर आवाज नुसता समोरून यायचा. आता तो ऐकणाऱ्याला घेराव घालणार होता.

"मागे पण स्पीकर?" फळ्या ठोकायला आलेल्या सुताराने विचारलं. "मागे बसतं कोण?"

"कोणी नाही," मालक म्हणाला. "पुढे बसणाऱ्याला मागचंही ऐकू यायला हवं."

"मग लावा ना सगळे पुढेच," सुतार म्हणाला, आणि विषय संपल्याप्रमाणे त्याने ड्रिल सुरू केलं.

स्टुडिओच्या मालकाला धंद्यात सगळे कानसेन म्हणत. पलीकडच्या खोलीत गिटारची तार केसभर उतरली तर त्याला चहा पिता पिता कळतं, अशी त्याची ख्याती होती. ख्याती खरी होती. फक्त निम्मी होती. सहा वर्षांपूर्वी एका तापात त्याच्या उजव्या कानाने न सांगता राजीनामा दिला. डॉक्टर सोडून त्याने हे कुणालाही सांगितलं नाही. या कानाचं त्या कानाला कळू दिलं नाही. त्या कानाला तसंही कळलं नसतं.

त्यावर त्याने तोड काढली होती. गाणं आधी सरळ बसून ऐकायचं, मग खुर्ची गर्रकन फिरवून स्पीकरकडे पाठ करून ऐकायचं, म्हणजे उजवीकडचं डाव्या कानात येई. गिऱ्हाइकांना ही साधना वाटे. दोन-तीन तरुण इंजिनियरांनी पाठमोरं ऐकण्याची पद्धत उचललीही होती, आणि त्यांचे दोन्ही कान शाबूत असल्यामुळे त्यांना त्याचा काडीचा फायदा होत नव्हता.

पण आता प्रश्न बिकट होता. मधपाळांवर सहा भागांची मालिका करणारी एक दिग्दर्शिका सोमवारी अकरा वाजता पहिला भाग ऐकायला येणार होती. आवडलं तर सहाही भाग इथे. नाहीतर ती काचेच्या इमारतीतल्या मोठ्या स्टुडिओत जाणार, आणि कानसेनाने उरलेलं आयुष्य बारशाच्या व्हिडिओंना बासरी लावण्यात घालवायचं. पहिल्याच दृश्यात एक मधमाशी ऐकणाऱ्याच्या डोक्याभोवती पूर्ण फेरी मारते. कानसेनाने ती पडद्यावरचे आवाजाचे हलणारे पट्टे बघत फिरवली होती. पट्ट्यांप्रमाणे माशी झकास फिरत होती.

रविवारी दुपारी बायको आली. ती शाळेत गणित शिकवायची आणि घरीही त्यात खंड पडू देत नसे.

"अहो, तुमचा कोच जिन्यात अडकलाय. वरच्या काकूंना खाली उतरता येत नाही, आणि खालच्यांना त्याचाच आनंद झालाय."

"येतो. आधी दोन मिनिटं इथे बस. ही माशी ऐक."

ती बरोबर मधोमध ठेवलेल्या खुर्चीत बसली, मांडीवर पर्स घेऊन. माशी आली. बायकोचं डोकं डावीकडे वळलं, मग एकदम उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे आणि शेवटी उजवीकडे.

"ही डोक्यातून आरपार गेली."

"भोवती जाते ती. डावीकडून मागे, मागून उजवीकडे."

"नाही हो. डाव्या कानाशी होती, ती मागे उजवीकडे निघाली, तिथून मागे डावीकडे, आणि शेवटी पुढे उजवीकडे. वीस वर्षं फळ्याकडे तोंड करून मागे कोण कुजबुजतं ते सांगत्येय मी. मागचे दोघं जागा बदलून बसलेत."

कानसेन मागच्या भिंतीशी गेला. स्पीकर टांगताना त्याचं तोंड भिंतीकडे होतं, आणि डावी वायर त्याने डाव्या हाताच्या स्पीकरला लावली होती. म्हणजे खुर्चीतल्या माणसाच्या उजव्या. दोन कानांच्या माणसाने अशी चूक केली असती तर पहिल्याच फेरीत पकडली असती. त्याने ती काल रात्रभर ऐकून पास केली होती.

कोच असायचा तिथे तो जमिनीवरच बसला.

"मला उजव्या कानाने ऐकू येत नाही," तो म्हणाला. "सहा वर्षं झाली."

"साडेसहा."

"तुला माहीत होतं?"

"भांडायचं असलं की मी डावीकडून बोलते. काही विकत घ्यायचं असलं की उजवीकडून. तुम्ही 'हं' म्हणता. घरातला फ्रिज तुमच्या संमतीने आलाय."

कानसेनाला फ्रिज आठवला. तो आला तेव्हा आपलं कौतुक का झालं होतं, तेही आता कळलं.

"उद्या तिला कळलं तर संपलं सगळं."

"उद्या तिला तुम्हीच सांगा. दुसऱ्याकडून कळलं तर लबाडी होते. आता वायर बदला. मी इथे बसते. काकू थांबतील, त्यांना कुठे जायचंय."

चार वाजेपर्यंत माशी फिरत राहिली. बायको बोटाने हवेत वर्तुळ काढायची आणि जिथे ते चेपलं जाई तिथे "इथे खड्डा आहे" म्हणायची. तो खुर्चीभोवती फिरून डाव्या कानाने खड्डा शोधायचा आणि बुजवायचा. सहा वर्षांत पहिल्यांदाच तो पट्ट्यांकडे न बघता काम करत होता.

सोमवारी दिग्दर्शिका पर्स ठेवायच्या आतच त्याने सांगून टाकलं. "माझा उजवा कान गेलाय. म्हणून मी खुर्ची फिरवतो. मागची बाजू मी दुसऱ्या माणसाकडून तपासून घेतो. हे चालणार नसेल तर चहा घेऊन जा."

ती मधल्या खुर्चीत बसली. "चहा नंतर. आधी माशी."

माशी डावीकडून आली, मागे गेली. उजव्या कानापाशी आली तेव्हा दिग्दर्शिकेने सटकन हात झटकला. मग हाताकडे बघून स्वतःच हसली.

"माशीला हाकलू नका, असं मी या भागात तीनदा सांगितलंय. तुमचा तो दुसरा माणूस कोण? मोठ्या स्टुडिओतला?"

"गणिताच्या बाई आहेत. फक्त रविवारी मोकळ्या असतात."

"मग पुढचे पाच भाग रविवारीच ऐकू," ती म्हणाली. "पण इथे बसायला एक कोच ठेवा हो. या खुर्चीत पाठ दुखते."

पुढच्या रविवारी बायको आली आणि त्याच्या उजव्या बाजूला उभी राहून काहीतरी पुटपुटली. कानसेन सवयीने 'हं' म्हणणार होता. त्याने खुर्ची गर्रकन फिरवली.

"काय म्हणालीस?"

"काही नाही," बायको जरा हिरमुसून म्हणाली. "पडदे."