फुफ्फुसातला पांढरा डाग

मुलगा अचानक इतका गोड बोलायला लागला, तेव्हाच काकूंच्या मनात पाल चुकचुकली. तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लोकांचे कॉल जोडलेल्या बाईला दबक्या आवाजातलं बोलणं भिंतीपलीकडूनही कळतं. काकूंच्या फुफ्फुसाच्या कॅन्सरवरचं रेडिएशन संपून तीन महिने झाले होते, पण खोकला पुन्हा सुरू झाला होता. गेल्या आठवड्यात सीटी स्कॅन झाला, आणि तेव्हापासून रिपोर्टचं नाव काढलं की सूनबाई चहा टाकायला उठत होती.

"रिपोर्ट आला का रे?"

"मशीन बिघडलंय, आई."

"माझे फोटो काढून झाल्यावर बिघडलं वाटतं?"

मुलानं मोबाइलमध्ये डोकं खुपसलं.

दुसऱ्या दिवशी भाजी आणते म्हणून काकू पिशवी घेऊन निघाल्या, त्या थेट हॉस्पिटलात. स्कॅनच्या खिडकीवरचा कारकून म्हणाला, "तुमचे चिरंजीव कधीच घेऊन गेले की!"

 काकू तडक जिना चढून किरणं देणाऱ्या डॉक्टरीणबाईंसमोर जाऊन बसल्या.

"मुलानं तुम्हालाही पढवून ठेवलंय ना? मला खरं काय ते सांगा."

"अहो, तो मला भेटलाच नाही." डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर स्कॅन उघडला. काळ्या फुफ्फुसात चांगला बोटभर पांढरा डाग.

"हा मागच्या वेळी नव्हता," काकू म्हणाल्या.

"नव्हता. पण त्याची कड बघा." किरणं कुठून कुठे दिली, त्याचा नकाशा त्यांनी डागावर ठेवला. डाग नेमका त्याच पट्ट्यात बसत होता. "कॅन्सर असा पट्टी लावून वाढत नाही. किरणांनी फुफ्फुसाला सूज आलीय. म्हणूनच खोकला. गोळ्या देते, सहा आठवड्यांनी परत बघू."

"म्हणजे खात्री नाही?"

"बरीचशी आहे. उरलेली पुढचा स्कॅन देईल."

नुसतं गोड बोलल्या असत्या तर काकूंनी विश्वास ठेवला नसता. हे मात्र पटलं.

घरी येऊन त्यांनी फर्मान सोडलं, "रिपोर्ट आण."

मुलानं तो स्वेटरांखालून काढला. "त्यात नवा डाग लिहिलाय गं. मला वाटलं, परत आलं. डॉक्टरांना विचारायची हिंमतच झाली नाही."

"अरे गाढवा, आठ दिवस एकटाच जळत होतास?" काकूंनी सगळं सांगितलं.

तो डोळे पुसत म्हणाला, "तुझं मन राखायला तर बोलल्या नसतील?"

"आता तू सुरू कर!"

सहा आठवड्यांनी दोघं बरोबरच गेले. डाग आकसून दोऱ्याएवढा झाला होता. मुलानं तो तीनदा मोजायला लावला, आणि काकूंनी त्याला एकदाही अडवलं नाही.